समास न कापता

यंदाचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा बाकावर बसून काढला. बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, दर उद्गाराला एक संदेश आणि एक गीत. इतकी वर्षं माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. कुणाचा संदेश लांबतोय, पुढचं गीत कुठलं, पेटीवाल्याला खूण केली का. या वेळी यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. गेल्या डिसेंबरअखेर मी पाळकपदावरून निवृत्त झालो, पाळकनिवासातलं बिऱ्हाड हलवलं आणि रंकाळ्याच्या अलीकडे, दोन खोल्या आणि पुढं सोपा असलेल्या घरात आम्ही दोघं राहायला आलो.

माझ्या शेजारी मंडळीतल्या एक मावशी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, सगळी नोकरी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. त्यांच्या मांडीवर गीतांचं पुस्तक होतं, त्याला दोन रबरं आडवी-उभी लावलेली. चौथ्या उद्गाराच्या गीताला त्यांनी रबरं काढली आणि पुस्तक उघडताच दहा-पंधरा पानं फरशीवर घसरली. मी वाकून गोळा केली. पानं जुन्या भाकरीसारखी कडक आणि कडेला चुरा होणारी. मावशींनी ती तशीच आत सरकवली, रबरं लावली आणि पुस्तक न उघडता पाचही कडवी म्हटली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला तर सगळं पाठ आहे.”

“पाठ आहे ओ साहेब,” त्या म्हणाल्या, “पण हातात लागतंय.”

त्यांच्या त्या वाक्यामुळं माझा सगळा उन्हाळा पुस्तकबांधणीत गेला.

आधी माझ्या दिवसाबद्दल थोडं सांगतो. पहाटे पाचला जाग येतेच, ती सवय निवृत्तीचा कागद हातात पडला म्हणून जात नाही. प्रार्थना आणि शास्त्रवाचन झालं की सहाच्या आत रंकाळा. चैत्रात तिथली हवा फार गोड असते. पाणी जरा उतरलेलं, काठच्या दगडावर खंड्या, आणि कुठल्या तरी वडा-पिंपळात बसलेल्या तांबट पक्ष्याचं एकसारखं टुक-टुक. ऊन जितकं चढेल तितका हा पक्षी जोरात येतो. परतताना कधी पाय गंगावेशीकडे वळतात. तिथं कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळतं दूध हातात देतात. पाळक असताना मी तिथं कधी उभा राहिलो नव्हतो, सकाळी कायम कुठं तरी पोचायचं असायचं. घरी येऊन मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला पाणी, मग चहा, वर्तमानपत्र. अकरानंतर ऊन बाहेर पडू देत नाही. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जातो, आता अधिकारानं नाही, ओळखीनं. संध्याकाळी पेटी काढून दोन गीतं. पूर्वी मे महिना म्हणजे लग्नं आणि मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, दुपारी भात जेवायलाही फुरसत नसे. यंदा दुपारी बारा ते चार हा केवढा तरी मोठा वेळ समोर पडलेला होता.

उत्तम शुक्रवारच्या आदल्याच दिवशी चैत्र पौर्णिमा होती. जोतिबाची यात्रा. वाडी रत्नागिरीच्या डोंगराकडे निघालेल्या सासनकाठ्या दोन दिवस शहरातून जात होत्या, हलगी आणि चांगभलंचा गजर घरात ऐकू येत होता. आम्ही दारात पाण्याचा माठ भरून ठेवला होता. वसंतसंपातानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळं पुष्कळ वर्षी आमचा दुःखसहनाचा आठवडा आणि जोतिबाची यात्रा एकाच चांदण्यात येतात. मला याचं नेहमी बरं वाटत आलेलं आहे. शहरात पाय दुखेपर्यंत चालणारी माणसं असतात आणि आपण त्यांना पाणी देतो, त्या आठवड्याला हे शोभतं.

ईस्टर झाल्यावरच्या सोमवारी मी शुक्रवार पेठेतल्या एका बाइंडरमामांकडे गेलो. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या त्यांच्याकडे बांधून घेतलेल्या, म्हणून वीस वर्षांची ओळख. मला ते फादर म्हणतात. आमच्या पंथात पाळकाला फादर म्हणत नाहीत, पण त्यांनी प्रेमानं लावलेला शब्द मी कधी दुरुस्त केला नाही. मार्चअखेरच्या फायलींची बांधणी उरकलेली होती आणि शाळांच्या वह्या-पुस्तकांची गर्दी मेच्या शेवटी सुरू होणार होती. मधले सहा आठवडे ते जरा मोकळे असतात.

मी सांगितलं, एक जुनं पुस्तक आहे, तुमच्याकडं द्यायचं नाही, मला स्वतः बांधायचं आहे, शिकवाल का.

त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या बोटांकडं बघितलं. “शिकवतो की. पर पयलं त्या पुस्तकाला हात लावायचा न्हाई. घरातलं दुसरं कायतरी घेऊन या.”

घरात ‘ज्ञानोदय’चे सुटे अंक होते, बरीच वर्षं साठवलेले. १८४२ साली सुरू झालेलं हे मासिक आमच्या घरात आजोबांपासून येतं. बारा अंकांचा एक गठ्ठा घेऊन गेलो. पहिला धडा पिना काढण्याचा. कोल्हापूरचा पाऊस चार महिने घरात मुक्कामाला असल्यासारखा असतो, पिना गंजतात आणि तो गंज कागद खातो. बोथट सुरीनं पिनेचे पाय सरळ करायचे, मग पाठीमागून अलगद उचलायचं. पिन ओढली की कागद तिच्याबरोबर येतो. बारा अंकांच्या चोवीस पिना काढायला मला सबंध सकाळ लागली. मामा म्हणाले, “बांधणीचं निम्मं काम उसवण्यात असतंय बगा.”

मग जुजबांधणी. छापलेला मोठा कागद तीनदा घडी घातला की सोळा पृष्ठांचा एक संच होतो, त्याला जुज म्हणतात. चार दुहेरी कागद एकात एक बसलेले आणि मधोमध घडी. खरं पुस्तक या घडीतून शिवलेलं असतं. दोरा जुजाच्या पोटातून बाहेर येतो, मागच्या जुजाला टोकाशी गाठीनं अडकतो आणि पुढच्या जुजाच्या पोटात शिरतो. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप पसरून पडतं. घाईचं काम करणारे मात्र सगळा गठ्ठा कडेनं आरपार भोसकून एकदाच शिवून टाकतात. ते मजबूत दिसतं, पण उघडताना पानं दाबून धरावी लागतात आणि कागद जुना झाला की शिवणीच्या रेषेवरच तुटतो.

आरी मी चप्पल लाईनमधून घेतली, दुकानदाराकडं होती त्यातली सगळ्यांत बारीक. मेणाचा तुकडाही तिथंच मिळाला. सुती दोरा मेणावरून दोनदा ओढला की तो गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. दोरा किती जाड घ्यायचा यात मोठं ज्ञान आहे. प्रत्येक जुजागणिक दोऱ्याची जाडी पाठीला वाढत जाते, अठ्ठावीस जुज झाले की पाठ फुगते आणि पुढची बाजू चपटी राहते. दोरा फार बारीक घेतला तर तो कागद कापतो. मामा चिमटीत धरून सांगतात, मी अजून दोन-तीन दोरे लावून बघतो.

खळ करणं मात्र मला पहिल्या दिवशी जमलं. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग बाकीचं पाणी मिळून सहा वाट्या होईल एवढं घालायचं आणि मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी झाली की उतरवायची आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळायची. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर त्यात मोरचूद टाकतात. मामांनीही टाकायला सांगितलं. मी त्यांना विनंती केली की या पुस्तकापुरतं नको. मोरचुदातलं तांबं जुन्या कागदाला काळानं तपकिरी करतं, आणि शिवाय ते विष आहे, घरात नातवंडं येतात. त्यांनी मान्य केलं. मग उन्हाळ्यात खळ एका दिवसात आंबते, म्हणून रोज थोडीच करायची. आमच्या घरी एक पातेलं त्यासाठी कायमचं बाजूला काढलं गेलं.

‘ज्ञानोदय’चा खंड एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शिवून झाला. पुठ्ठ्याला कापड चिकटवलं आणि लवकर वाळावं म्हणून मी तो सोप्याच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला. अर्ध्या तासात पुठ्ठा पन्हाळीसारखा वळला. कापडाची बाजू ओढून आली आणि कोपरे दीड-दोन बोटं वर उचलले गेले. मला फार वाईट वाटलं, कारण शिवण खरोखर चांगली झाली होती. मामांनी तो हातात घेऊन वाकवून बघितला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागदाला आणि पुठ्ठ्याला धाग्याची दिशा असते. ओलं झालं की तो एका बाजूनं जास्त पसरतो. पुठ्ठा, कापड, अस्तराचा कागद यांची दिशा पुस्तकाच्या उंचीबरोबर उभी लागते, मी पुठ्ठा आडवा कापला होता. दुसरं, बांधणी कधी उन्हात वाळवायची नाही. सावलीत, वजनाखाली, रात्रभर. ऊन बाहेर असलं तरी हवा कोरडी असते, तेवढी पुरते. म्हणून तर एप्रिल-मे हा बांधणीचा खरा हंगाम. हेच काम जुलैत केलं तर खळ चार दिवस ओली राहते आणि बुरशी धरते.

तेव्हापासून आमचा पाटा सोप्यात आहे. दोन सागवानी फळ्यांमध्ये पुस्तक, वर पाटा, पाट्यावर वरवंटा. चटणी मिक्सरवर होते.

एप्रिलच्या शेवटी मी मावशींकडे गेलो. पुस्तक द्यायला त्यांनी जरा वेळ घेतला. पानं मोजून दिली, मीही त्यांच्यासमोर मोजून घेतली. ४४८ पृष्ठं, म्हणजे २८ जुज. चार पानं कमी होती, ती कुठली ते त्यांना माहीत होतं.

घरी आणून मी रबरं काढली. पुस्तक आधी एकदा बांधलं गेलं होतं, तेच कडेनं भोसकून. कुणी बांधलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. पाठीवर सरसाचा काळपट, दगडासारखा थर. तो खरवडला तर कागद निघतो. त्यावर खळीचा जाड लेप लावला, वीस मिनिटं थांबलो, सरस भिजून चिकट झाला, मग बोथट सुरीनं काढला. असं चार वेळा. दोन दिवस यातच गेले आणि त्या दोन दिवसांत मी ते पुस्तक पहिल्यांदा नीट पाहिलं.

समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. बारीक, गोल, नर्सेसच्या चार्टवर असतं तसं स्वच्छ अक्षर. गीताच्या शेजारी तारीख आणि एक-दोन शब्द. ‘थोरलीचं लग्न.’ ‘वॉर्ड तीन, रात्री, म्हातारीला म्हणून दाखवलं.’ ‘महापूर, देवळात मुक्काम’ आणि खाली २०१९. ‘बाबा.’ एका गीताशेजारी तर सात तारखा होत्या, सगळ्या दफनविधीच्या. त्यातले चार विधी मी चालवलेले होते. ते गीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आहे. ज्या माणसानं ओवी आणि अभंग आमच्या उपासनेत आणले, त्याचे शब्द आमच्या माणसांना शेवटच्या घडीला ओठांवर येतात, यात मला नवल वाटत नाही. परक्या चालीत माणूस गाऊ शकतो, रडायला त्याला आपली चाल लागते.

मी पाळक म्हणून प्रत्येक विधीची नोंद मंडळीच्या वहीत करत होतो. नाव, वय, तारीख, सही. इकडं एक बाई बाकावर बसून तीच वर्षं दुसऱ्या वहीत लिहीत होती, गीताच्या क्रमांकानं. हे मला छत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. हल्ली पुष्कळ ठिकाणी गीतांचे शब्द भिंतीवर पडद्यावर दाखवतात. म्हाताऱ्यांना ते मोठ्या अक्षरांत दिसतं, त्याची सोय मी नाकारत नाही. पण पडद्याला समास नसतो, आणि माझ्या मते देवळात प्रत्येकाच्या हातात स्वतःचं पुस्तक असायलाच हवं.

फाटलेल्या घड्या जोडणं हे सर्वांत नाजूक काम. पातळ पांढऱ्या टिश्यूच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायच्या. कापायच्या नाहीत, फाडायच्या, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि कागदात मिसळतात. खळ पाण्यासारखी पातळ करून लावायची आणि वर कोरडा कागद ठेवून दाबायचं. दिवसाला तीन-चार जुज. दुपारी बारा ते दोन, पंखा बंद करून, कारण पंख्यानं पट्ट्या उडतात. घरच्यांनी शेजारी बसून पट्ट्या फाडल्या. त्यांना ते माझ्यापेक्षा सरस जमतं, शेवया करणारा हात आहे. त्या काळात आम्ही दोघं जितकं बोललो तितकं पाळकनिवासात कधी बोललो नसू. तिथं दार सतत वाजायचं.

९ मेला, टिळकांच्या स्मृतिदिनी, शिवायला बसलो आणि चार दिवसांत अठ्ठावीस जुज शिवून झाले. पाठीला खळ, त्यावर औषधाच्या दुकानातलं जाळीचं कापड, वर कागद. मग शिवलेलं पुस्तक घेऊन मामांकडं गेलो. त्यांनी ते हातावर पसरलं, मिटलं, पुन्हा पसरलं. मान हलवली. मग ते उठले आणि कटिंग मशीनकडं निघाले.

तिन्ही कडा वर-खाली झालेल्या होत्या, जोडलेली पानं जरा बाहेर आलेली. एकदा पातं फिरवलं की कडा काचेसारख्या सरळ. बांधलेल्या पुस्तकाची हीच तर शोभा. मी पटकन त्यांचा हात धरला आणि समासातलं लिखाण दाखवलं.

ते चष्मा लावून वाचत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ह्ये बगा, आदीच एकदा कापलंय.”

मलाही दिसलं होतं, पण मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. आधीच्या बांधणीत वरची कड कापली गेली होती. बाकी नोंदी थोडक्यात बचावल्या होत्या, पण एका पानावर सर्वांत वर लिहिलेल्या ओळीतलं साल गेलं होतं. ‘१४ जून’ राहिलं होतं, ‘हे’ राहिलं होतं. पुढं आकड्यांची फक्त खालची टोकं.

“न्हाई कापत,” मामा म्हणाले. “वाकडं तर वाकडं.” पुठ्ठा मात्र त्यांनी स्वतः कापून दिला, धाग्याची दिशा बघून, कडांपेक्षा जरा जास्तच मोठा, म्हणजे वाकडी पानं आत झाकलेली राहतील. पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री मी माझ्या खिशातल्या डायऱ्यांची पेटी उघडली. दर वर्षाची एक, अशा छत्तीस. मावशींचे यजमान गेले तो विधी मीच चालवला होता, पाऊस होता, कबरीत पाणी साठत होतं आणि चार जण बादल्यांनी उपसत होते, एवढं आठवत होतं. साल आठवत नव्हतं. याची मला लाज वाटली. प्रत्येक डायरीचा जून उघडत गेलो. पंधराव्या डायरीत सापडलं. १४ जूनच्या पानावर माझ्या अक्षरात त्यांचं नाव, दुपारी चारची वेळ आणि गीताचा क्रमांक. तोच क्रमांक.

पुस्तक पाट्याखालून काढलं त्या दिवशी दुपारपासून उकडत होतं. चारला पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वळीव आला, आधी धूळ, मग गारा, मग धो-धो. मोगऱ्याची कुंडी आडवी झाली. तासाभरात सगळं निवळलं आणि मी पुस्तक दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून निघालो. रस्त्यावर गुलमोहराचा सडा होता.

मावशींनी ते मांडीवर ठेवलं आणि उघडलं. ते पसरून तसंच पडून राहिलं. त्यांनी दोन्ही हात बाजूला घेतले आणि बघत राहिल्या. मग पानं उलटत त्या नेमक्या त्याच पानावर आल्या.

“साल गेलंय इथलं,” मी म्हटलं. “माझ्या डायरीत मिळालं. सांगू?”

“मला ठाऊक नाही होय?” त्या म्हणाल्या. “पेन्सिल आहे का तुमच्याकडं?”

माझ्या खिशात होती. त्यांनी चष्मा पुसला, कापलेल्या ओळीच्या खाली, कडेपासून चांगलं दोन बोटं आत, सावकाश चार आकडे लिहिले, आणि पेन्सिल मला परत दिली.